विहीर कुणी आत घातली

चतुराबाई सकाळी अंबाडीच्या जुड्या धुवायला विहिरीकडं निघाली अन् बांधावरच थबकली. लष्कराची छावणी वाढणार म्हणून मोजणीवाल्यांनी परवा फक्कीची रेघ मारली होती, ती विहिरीच्या पल्याडनं, खडकाकडनं गेली होती. आज रेघ विहिरीच्या अल्याड होती. जुनी बुटानं पुसलेली, नवी पांढरीफेक. तिचं अर्धं रान विहिरीसकट छावणीत गेलं होतं. अन् बांधापलीकडचं हिम्मतरावचं वांग्याचं रान मात्र जसंच्या तसं बाहेर.

हिम्मतराव तिचा धाकटा दीर. दोघांची रानं याच विहिरीवर भिजायची, एक दिवस त्याची पाळी, एक दिवस तिची. तो वांगी खुरपत होता.

"भाऊजी, रेघ कुणी सरकवली?"

"मला काय म्हाईत, वैनी. मी बी आत्ताच बघायलोय."

"मोजणीवाल्यांला चहा तुमीच पाजला ना लिंबाखाली?"

"उन्हात उभे होते. पाजला."

"अन् बोअर मारायचं म्हणत होताव, ते कामून? विहीर जाणार, हे आदीच ठावं होतं म्हणून?"

हिम्मतरावनं खुरपं खाली ठेवलं. तिच्याकडं बघितलं अन् उठून पलीकडच्या वाफ्याकडं गेला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, दुखावला म्हणून गेला. चतुराबाईला वाटलं, चोरी पकडली म्हणून गेला.

गुंडलवाडीचे दिवसच तसे आले होते. हैदराबादच्या कडेचं हे गाव. निजामाच्या काळापासनं शेती करणारी मराठी घरं तिथं. छावणीतला जुना रस्ता बंद झाला, तेव्हापासनं कोठीच्या बाजारात भाजी न्यायची तर लांबचा वळसा. निम्मं माळवं वाटेतच सुकायचं. छावणीतल्या क्वार्टरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बायांचे पास बंद झाले. त्यात छावणीच्या भिंतीबाहेर जे रान उरेल, त्यावर घर बांधायला परवानगी मिळणार नाही, अशी बातमी. आत गेलं तर मोबदला, बाहेर राहिलं तर नुसती माती. त्यामुळं कुणाच्या ओट्यावर कोण बसलं, कुणाच्या दारात नवी गाडी आली, याच्यावर सगळ्यांची नजर.

त्या दिवशी चतुराबाईनं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोवली. अन् चहाच्या टपरीवर चार माणसांत सांगितलं, "माह्या दिरानं विहीर विकली."

चैत्राचं ऊन. तांबडी माती भाजून निघत होती. दोन-चार दिवसांतच हिम्मतरावच्या वांग्यांनी माना टाकल्या. तो रोज येऊन बांधावर उभा राहायचा, रोपांकडं बघायचा अन् जायचा. किल्ली त्यानं मागितली नाही.

मग छावणीचा एक साहेब मोजणीवाल्याला घेऊन जीपमधनं आला. शेवटची पाहणी होती. शहरात तारनाक्याला ऑफिसात काम करणारा तिचा लेक विक्रम तेवढ्यासाठी रजा काढून आला होता. त्याला बघताच मोजणीवाला विहिरीकडं बोट करून हसत म्हणाला, "अरे, आप तो उस दिन भी मिले थे. आपनेच बोले ना, बावी सूखी है, कोई पानी नहीं लेता? तभी तो लाइन इधर लिए."

विक्रमनं मान खाली घातली.

चतुराबाईला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती विक्रमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"तू सांगितलंस?"

"माय, ऐक तर. बाहेर राहिली तर ह्या रानाला कुत्रं इचारणार न्हाई. आत गेली तर तुला काही तरी हाती येईल, तू तारनाक्याला माह्याजवळ राहशील. एकटी किती दिवस राबणार?"

"मला कामून इचारलं न्हाईस?"

"तू हो म्हणली असतीस?"

साहेब मात्र रानाकडं बघत होता. कोरडा पाट, वाळलेली वांगी, कुलूपबंद पेटी. "हां, बंदच दिसते," तो म्हणाला. विहीर मेल्याचा पुरावा तिनं स्वतःच्या हातानं तयार केला होता.

तिनं कमरेची किल्ली काढून कुलपाला लावली. कुलूप निघेना. हिम्मतराव पुढं आला, तिच्या हातनं किल्ली घेतली, पेटी उघडली अन् खटका दाबला. मोटार खोकली, घरघरली, अन् पाइपातनं हाताएवढी धार पाटात पडली.

"साहब," हिम्मतराव म्हणाला, "दोन घरं जगतेत ह्या पाण्यावर. भांडण आमचं होतं, विहिरीचं न्हाई."

साहेबानं वाकून विहिरीत बघितलं. मोजणीवाल्याला म्हणाला, पहिलीच रेघ धर.

विक्रम जेवायला थांबला नाही. "आता बसा दोघं मातीत," एवढंच म्हणून गाडीला किक मारली. चतुराबाईनं त्याला अडवलं नाही. तिनं पाटाचं तोंड फोडून पाणी आधी वांग्यांकडं वळवलं. हिम्मतराव मेलेली रोपं उपटत होता. निम्मी तरी गेली होती.

"भाऊजी, म्या गावात म्हणलं, तुमी विहीर विकली."

"म्हणलाव."

"काय करू आता?"

"गावात म्हणलाव, गावातच सांगा," तो रोपं उपटतच बोलला.

ती तशीच ओल्या पायांनी टपरीवर गेली. तीच माणसं बसली होती. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, विहीर दिरानं विकली नव्हती, माह्याच लेकानं घात केला होता, भाऊजीनं वाचवली.

मग टपरीवाल्यानं गाळणं झटकत विचारलं, "म्हंजे दोघांचं जमलं म्हणायचं. साहेबाला काय दिलं, वैनी, रेघ मागं घ्यायला?"

बाकीचे तिच्या तोंडाकडं बघत राहिले. चतुराबाईला राग आला नाही. परवापर्यंत त्या बाकड्यावर ती असती, तर तिनंही हेच विचारलं असतं.