कागदाचं कातरण

मी कात्री बोलून राहिले. शिंप्याची, दहा इंची, लोखंडी. आता म्हणशील, कात्री कुठं बोलती का? नको ठेवू इश्वास. बघू तरी, माझ्या एका शब्दावर इश्वास ठेवून दाखव! पेपरात छापलेलं कसं गपकन खरं वाटतं तुला. टीव्हीतलं तर त्याहून खरं. मंग माझं खोटंच समजून ऐक, काय बिघडतं?

शाळा मी निम्मी शिकले. म्हंजे जेवढा कागद माझ्या पात्यांत आला तेवढाच वाचला. चौकटीतलं मला येतं, चौकटीबाहीरचं येत न्हाई. ह्याच निम्म्या शाळेनं पुढं घोळ केला.

जन्म मेरठचा. तिथून नांदेडच्या एका दुकानात आले. जिलानी मास्तर, म्हंजे माझा शिंपी, तव्हा मिसरूड फुटलेलं पोरगं होता. दुकानात बारा कात्र्या होत्या. त्यानं एकेक कानापाशी धरून उघडझाप करून बघितली. माझा आवाज ऐकला नि हसला. म्हणला, "ही बोलती." बघ, त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुलाच उशीर लागून राहिला.

मंग आम्ही लातूरला आलो. गंजगोलाई बाजाराच्या मागल्या गल्लीत भाड्याचं दुकान, एवढुसं. पुढं मास्तर कापायचा, मागं बानो, त्याची बायको, काज-बटण नि तुरपाई करायची. दोघं आपसात दखनीत बोलत, गिऱ्हाइकाशी मराठीत. मी तुला सगळं मराठीतच सांगते, न्हाईतर म्हणशील कात्री लई शायनिंग मारती.

मास्तरचे दोन कायदे होते. पहिला, कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा न्हाई, धार मरती. त्याची लेक सुमय्या लहानपणी मला घेऊन पतंगाचा कागद कापायला बसली, तर मास्तर असा वरडला की शेजारचा पानवाला पळत आला. दुसरा, शिवलेल्या कपड्यासंगं कातरण परत द्यायचं. शिंपी कापड मारतो, असं सगळं जग म्हणतं ना? मास्तर बोटाएवढी चिंधी बी पुडीत बांधून द्यायचा. कुणी कुरकुर केलीच, तर फळीवर कापलेले तुकडे नि कातरण जुळवून मांडायचा. "बघा साहेब, पुरं कापड हाय का न्हाई?" पुरं असायचंच.

मी मातर खोडकर, हाव. कुणी मास्तरला "ए टेलर" म्हणलं, की त्याच्या पॅन्टीचा एक पाय करंगळीभर आखूड. मास्तर आपल्याच डोळ्याला दोष द्यायचा. मी खिळ्यावर गप लटकायची.

त्र्याण्णवला भूकंप आला. खिळ्यावरनं फरशीवर आपटले, टोक मोडलं. आमचं दुकान उभं राहिलं. किल्लारीकडं काय झालं ते मी सांगत न्हाई. खोड्या करणाऱ्या तोंडानं ते सांगू नये.

आठ दिवसांनी मास्तर मशीन टेम्पोत घालून तिकडं गेला. मी पिशवीत. लांबलांबच्या शहरांतून ट्रक भरभरून कपडे आलेले. चांगले होते, खोटं कशाला बोलू? कोट काय, गरम पॅन्टी काय. पण बसत कुणालाच नव्हते. पंधरा दिवस मास्तर पत्र्याखाली बसला. ज्याचं त्याचं माप घ्यायचा, उसवायचा, परत शिवायचा. एका म्हाताऱ्याला साहेबाच्या कोटाची बंडी करून दिली. म्हातारा बंडीवरनं हात फिरवत नुसताच बसून राहिला.

परत आल्यावर धारवाल्याला माझं टोक दाखवलं. तो म्हणला, "टोक काढतो, पण अर्धा इंच लोखंड जाईल."

मास्तर म्हणला, "राहू द्या. बोथट बरी, पण पुरी असू द्या."

धार लावणं म्हंजे काय, तुला वाटतं चकचकीत होणं. मी सांगते, दर धारेला मी थोडी कमी होते. कमी झालेली परत वाढत न्हाई.

मंग लातुरात क्लासेसचं वारं सुटलं. किनवटची, धर्माबादची, अर्धापूरची लेकरं ट्रंका घेऊन आली. गल्लीगल्लीत खोल्या, मेस, भिंतीभिंतीवर सरांचे फोटो. कॉलेजचे गणवेश शिवायला आमच्या दुकानासमोर रांग. बाप म्हणायचे, "दोन वर्षं पुरंल असं शिवा मास्तर, पोरगा वाढून राहिलाय." जून महिन्यात माझ्या पात्यांला उसंत नसायची. तसल्या सतरा-अठरा जूनमधून मास्तर-बानोनं साडेचार लाख साठवले.

मंग रेडिमेड आलं. मास्तरचा अंगठा सुजाय लागला, बानोच्या सुईत दोरा जाईना. सुमय्या लग्न होऊन नांदेडला गेली, जाताना घरातली बारकी कात्री घेऊन गेली. मास्तर अठ्ठावन्नाचा झाला. दुकान सोडायचं ठरलं. ना पेन्शन, ना फंड. ते साडेचार लाख दोघांना मरेपर्यंत पुरवायचे होते. लेकीच्या दारात हात पसरायचा नव्हता.

तव्हापास्नं मास्तर पेपर वाचाय लागला. आणि कापाय लागला. कशानं? बारकी कात्री तर नांदेडला. मला घेतलं बाबा, मला! चाळीस वर्षं कागद दाखवला न्हाई, नि म्हातारपणी रोज सकाळी कागद!

आज एक तुकडा म्हणायचा, सगळं बँकेत ठेवा. उद्याचा म्हणायचा, बँकेत ठेवाल तर महागाई खाऊन टाकंल. परवा सोनं. तेरवा प्लॉट. मास्तर सगळे तुकडे गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत चिकटवायचा. मध्येच उठून वही उघडायचा, वाचायचा, मिटायचा, परत उघडायचा. जेवताना बी ध्यान न्हाई. माझी धार गेली ती गेली, त्याची भूक बी गेली.

त्यात टीव्हीत एक माणूस यायला लागला, रोज सकाळी, कोट घालून.

"बानो, इकडं बघ," मास्तर म्हणायचा. "खांदा काय बसलाय कोटाचा! एक सुरकुती न्हाई. असला माणूस खोटं बोलणार न्हाई."

बानो डोळे बारीक करून बघायची. "अजी, कोट त्याच्या शिंप्यानं शिवलाय. बोलणं कुणी शिवून दिलं ते बघा की."

"तुला न्हाई कळायचं."

"हाव, मला काजं तेवढी कळतात."

एका रविवारी त्याच कोटवाल्याचा फोटो पेपरात आला. मोठी चौकट. 'निवृत्तीनंतरही दरमहा घरपोच उत्पन्न.' एक योजना, लातुरात हापिस, जेवढे जास्त घालाल तेवढं जास्त येईल. मास्तरनं पेपर पुढ्यात ओढला. मला उचललं.

मी आधीच चिडलेली. म्हणलं, घे! वरचा कोपरा आला तसा मी मुद्दाम चावला. तसं बी मोडक्या टोकानं मला कोपऱ्यात वळता येत न्हाई. कोपरा तिरका तुटला, तुकडा पेपरालाच राहिला. आणि चावता चावता मी वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरात तिथं लिहिलेलं होतं, जाहिरात.

मास्तरनं कोपऱ्याकडं बघितलंच न्हाई. मोठा तुकडा बातमी म्हणून वहीत गेला. उरलेला पेपर बानोनं कपाटात गणवेशाच्या घडीखाली अंथरला.

ती खोडी मला लई महाग पडली बघ. पॅन्टीचा पाय आखूड केला तर गिऱ्हाईक परत येतं, उसवून देता येतं. हे उसवायचं कसं? मास्तरला खुणवायला मी आवळले, घट्ट झाले, तर त्यानं दोन थेंब तेल सोडलं. मी त्याच्या अंगठ्याला चावले, त्यानं फू करून पट्टी बांधली. खिळ्यावरनं खाली पडले, बानोनं उचलून परत टांगलं. चार दिवस माझी पाती मिटली न्हाईत.

शुक्रवारी दुपारी व्यंकट गुरुजी आले. शाळेतनं रिटायर झालेले, पॅन्टीची कंबर सैल करायला आलेले.

"जिलानीभाई, मी दीड लाख घालून राहिलो त्या योजनेत. सोमवारी हापिसात जाऊ संगंच."

मास्तर म्हणला, "मी सगळेच घालतो गुरुजी. एवढ्या मोठ्या पेपरात आलंय."

बानोचा दोरा थांबला. "सगळे?"

"मंग काय, निम्म्या पैशात निम्मं म्हातारपण येतंय का?"

गुरुजी हसले. बानो हसली न्हाई. "गुरुजी, तुम्हाला पेन्शन येते ना?"

"येते की, एक तारखेला."

"मंग तुमची कंबर चाळीस नि ह्यांची तीस. ह्यांनी तुमची पॅन्ट घातली तर चौकात गळून पडंल."

"भाभी, तुम्ही पण ना!"

"अजी, किल्लारीकडं ट्रकांतनं कोट आले होते, याद हाय का? चांगलेच होते. बसले कुणाला? ह्या टीव्हीवाल्यानं आपलं माप कधी घेतलं? त्याला माहीत हाय का तुम्हाला अंगठ्याची दवाई लागते, मला मोतीबिंदू हाय?"

मास्तर चिडला. वही आपटून उघडली. "हे बघ, छापलेलं हाय! वाच!"

बानो उठली. तुकड्यावर बोट ठेवलं, वरच्या तुटक्या कोपऱ्यावर.

"इतकी वर्षं गिऱ्हाइकाला कातरण परत देऊन राहिलात. ह्या कागदाचं कातरण कुठाय?"

माझ्या तर खिळ्याला घाम फुटला.

मास्तरनं कपाट उघडलं. गणवेश खाली काढले, अंथरलेला पेपर ओढला. मधी भलंमोठं भोक. फळीवर पेपर पसरला, वहीतला तुकडा सोडवून भोकात बसवला, कापड जुळवतो तसा, कडेला कड लावून. मंग चष्मा पुसला. कोपऱ्यावर वाकला.

तिथल्या बारीक अक्षरांवर बोट फिरवलं.

"जा-हि-रा-त," त्यानं लहान लेकरागत वाचलं. मंग टेप गळ्यातनं काढून फळीवर ठेवला. "बानो, पाणी दे."

गुरुजी म्हणाले, "आता जाहिरात असली म्हणून काय खोटीच असते का?"

"न्हाई," मास्तर म्हणला. "पण गुरुजी, विकणाऱ्यानं सांगितलं नि मी सल्ला समजलो. कोट बघून कापड घेतलं मी."

त्याच दुपारी मास्तरनं मापाच्या वहीत कोरं पान काढलं. वर लिहिलं, जिलानी नि बानो. महिन्याला पीठ-मीठ किती, दवाई किती, डोळ्याचं आपरेशन कधी, ईदला नातवंडांना काय. पुढच्या हप्त्यात पोस्टात गेला, बँकेत गेला, दोन्हीकडं तेच पान दाखवलं. पेपर वाचायचं सोडलं न्हाई बरं! पेपरातलं महागाईचं म्हणणं त्याला पटलंच होतं, म्हणून थोडे पैशे जरा वाढतील अशा जागी बी ठेवले. पण मोठा वाटा अशा ठिकाणी, की मुद्दल पुरं राहील. बोथट बरं, पण पुरं.

गुरुजींना वर्षभर दरमहा घरपोच आलं. मंग हापिसात फोन उचलेनात. मंग हापिसच दिसेना. गुरुजी पेन्शनवर हायेत म्हणून अजून चहाला येत्यात. आल्यावर मास्तर त्या गोष्टीचं नाव काढत न्हाई, बिस्किटं जास्त ठेवतो. कोटवाला टीव्हीवर अजून येतो. खांदा अजून झकास बसतो मेल्याचा.

आता मी घरात, स्वयंपाकाच्या खोलीत टांगलेली. दुधाच्या पिशव्या कापते. सकाळी मास्तर पेपर वाचतो, काही आवडलं तर अख्खं पान काढून ठेवतो, चारी कोपरे धरून. मला हात लावत न्हाई.

पण जीवाला थारा न्हाई बघ. तो कोपरा मी चावला, हे त्याला अजून ठाऊक न्हाई. त्याला वाटतं, आपलाच हात हालला. बानोनं इचारलं नसतं तर? माझ्या एका खोडीपायी दोघं म्हातारे कुणाच्या दारात उभे असते? मी चौकटीपुरती शिकलेली, मला माफ बी करशील. तुला तर पुरी शाळा झाली, तू काय कापून ठेवलंयस वहीत? त्याचं कातरण कुठाय?

ऐक, गल्लीत धारवाला वरडून राहिला. मागच्या बारीला म्हणला, अजून दोन धारा निघतील हिच्यातनं. मंग संपली. मास्तर मला खिळ्यावरनं काढून राहिला... थांब, बानो काय म्हणती?

"राहू द्या अजी. दुधाच्या पिशवीला कशाला धार?"

सुटले! टांगलं परत.

आता काय बघून राहिला माझ्याकडं? माझ्या गोष्टीचं कातरण मागतोस व्हय? हाय, जे सांगितलं न्हाई ते माझ्यापाशीच हाय, देत न्हाई. पण मागितलंस, तेवढं तरी शिकून घेतलंस म्हणायचं. चल ऊठ. जा आता.