कडब्याच्या गंजीवरचा उजेड

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. घरातल्या भिंतीवरचा नव्हे, गाडीतला. एका उंच, दणकट गाडीच्या छतात, समोरच्या आरशाच्या वर आम्ही चौघे भाऊ एका ओळीत बसलो आहोत. त्यातला डावीकडचा पहिला मी. माझ्या आयुष्याची पहिली काही वर्षे मला कितीही दाबले तरी काहीच घडत नसे. तरीही मी बिघडलेला नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीवरून मला फार बोलणी बसली आहेत.

कारखान्यात गाडी तयार होतानाच आम्हांला बसवले गेले. आमच्या प्रत्येकाच्या पाठीमागून एक वायर निघते, काचेशेजारच्या खांबातून खाली उतरते आणि बॉनेटखाली बॅटरीजवळ जाऊन थांबते. वाटेत प्रत्येकाचा आपापला फ्यूज आणि वायरीच्या टोकाला टोपण. पुढे काय जोडायचे ते गाडी घेणाऱ्याने ठरवायचे. कोणी जादा दिवे जोडील, कोणी हवा भरायचा पंप. थोडक्यात, रस्ता बांधून तयार होता, फक्त गाव वसायचे होते. मी मोठ्या हौसेने शोरूममध्ये गेलो.

माझे पहिले मालक तात्याबा हे गेवराईकडचे पुढारी होते. त्यांना दिवे नको होते, भोंगा हवा होता. साध्या हॉर्नने माणसे बाजूला होतात, पण तात्याबांना माणसांनी दचकून बाजूला व्हायला हवे होते. त्यांच्या माणसाने आमच्याकडे वर पाहिलेसुद्धा नाही. त्याने खाली डॅशबोर्डला भोक पाडले, तिथे एक लाल खटका बसवला आणि भोंगा सुरू केला. तेव्हापासून गाडीत बसणारा प्रत्येक पाहुणा मला दाबून विचारी, "हे कशाचं बटन हाय?" आणि तात्याबा म्हणत, "कशाचंच न्हाई. शोभेला दिलंय कंपनीनं."

शोभेला! वायपरचा स्विच पावसाळ्यात चार महिने राबतो, तोही माझ्याकडे पाहून हसायचा. पुढे महामार्गावर एका पोलीस साहेबाने गाडी थांबवून भोंगा उतरवायला लावला. तात्याबांचा गाडीवरचा जीवच उडाला. त्यांच्या नातवाने माझ्या तोंडावर पक्षाच्या चिन्हाचा गोल कागद चिकटवला आणि मी त्याखाली गुदमरत बसलो. शेवटी तात्याबांनी नवी गाडी घेतली आणि आमची रवानगी बाजारात झाली.

तिथून आम्हांला धनश्रीने आणले. धनश्री जनावरांची डॉक्टर. अंबाजोगाईच्या पलीकडे डोंगरपट्ट्यात तिचे गाव आहे. तिचे वडील गहिनीनाथ आयुष्यभर मेंढरांमागे फिरले, गुडघे गेले तेव्हा घरी बसले. लेक डॉक्टर झाली याचा त्यांना लई अभिमान, पण ते तिच्यासमोर तसे बोलून दाखवत नसत.

मेंढपाळांची एक रीत तुम्हांला सांगायला हवी. मेंढरे रोज संध्याकाळी वेगळ्या शेतकऱ्याच्या रानात बसवतात. भोवती वाघर, म्हणजे जाळे, लावतात आणि आत कळप कोंडतात. रात्रभर मेंढरांच्या लेंड्या पडतात, रानाला खत मिळते, बदल्यात शेतकरी धान्य देतो. दुसऱ्या दिवशी हा वाडा, म्हणजे कळपाचा मुक्काम, उठतो आणि भलत्याच रानात जातो. त्यामुळे आज कोणाचा वाडा कुठे आहे हे फोनवर विचारावे लागते आणि उत्तर असे मिळते की, वढा ओलांडला की पळस लागतो, पळसाच्या मागे या. तिथे ना रस्ता, ना पाटी.

मागच्या हिवाळ्यात असाच एक फोन आला. रामेश्वर नावाच्या मेंढपाळाच्या कळपाला विषबाधा झाली होती. दिवस मावळलेला. गाडीचे नेहमीचे दिवे सरळ नाकासमोर पाहतात. बांध कुठे संपतो, गाडीवाट कुठे वळते, ते त्यांना दिसत नाही. धनश्री चुकीच्या वाटेने शिरली आणि चाक बांधावरून घसरून चारीत, म्हणजे पाण्याच्या चरात, गेले. ती बॅग घेऊन पायी धावत सुटली, पण पोचली तेव्हा निम्मा कळप आडवा झाला होता. रामेश्वरने उलट तिलाच प्यायला पाणी दिले. परत येताना ती सबंध वाट रडली आणि मी वर कागदाखाली बसून ते ऐकले.

घरी गहिनीनाथ म्हणाले, "दिस असला तरच जात जा. अंधार पडल्यावर फोन आला तर सांगायचं, सकाळी येते म्हणून."

"जनावर सकाळपर्यंत थांबतंय व्हय आप्पा?"

"ते न्हाई थांबत. पर तू गाडीसंगं चारीत पडून कुणाला वाचवणार हायस?"

धनश्री पैसे साठवू लागली. यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर तिने जादा दिव्यांची एक जोडी आणली, चांगली रुंद उजेड टाकणारी, आणि गाडी बिभीषणच्या शेडमध्ये नेली. बिभीषण हा अंबाजोगाईतला गाड्यांच्या वायरिंगचा मिस्त्री. त्याने हातात ड्रिल घेतले.

"डॅशबोर्डला एक भोक हायच, त्याच्या बाजूला दुसरं पाडू," तो म्हणाला. "हेडलाइटच्या वायरीवरून लाइन घेतो. चहा पिऊन होईस्तवर काम झालं म्हणून समजा."

"मग वरचे चार स्विच कशाला आहेत?"

"ते रिकामे हायेत ताई."

"रिकामे का असतील? कंपनी फुकट एक खिळा देत नाही, चार स्विच देईल?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू घेणारे हे पहिले माणूस. तिने नखाने माझ्या तोंडावरचा कागद खरवडला आणि मला बोटाने पुसले. बिभीषणही हट्टी खरा, पण कामाशी इमान राखणारा. त्याने ड्रिल खाली ठेवले आणि खांबाचे आवरण काढून माझी वायर हाताने चाचपत बॉनेटपर्यंत गेला. बॅटरीमागे धुळीत आमची टोपणे घातलेली चार टोके सापडली. त्याने माझ्या टोकाला तपासणीचा छोटा दिवा लावला. धनश्रीने चावी फिरवली आणि मला दाबले.

काहीच नाही.

वायपरचा स्विच हसला असावा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. बिभीषण म्हणाला, "बघा, मी म्हणलं न्हाई?" पण म्हणता म्हणताच त्याने फ्यूजची पेटी उघडली आणि तो थांबला. माझ्या फ्यूजची जागा मोकळी होती. तात्याबांच्या माणसाने माझाच फ्यूज उपटून त्या भोंग्याला लावला होता. इतकी वर्षे माझ्या घासावर तो भोंगा कोकलत होता आणि शोभेचा म्हणून मी हिणवला जात होतो. अजूनही आठवले की माझा संताप होतो.

"जरा मोठाच फ्यूज टाका," धनश्री म्हणाली. "सारखा उडायला नको."

"न्हाई ताई. फ्यूज मोठा टाकला तर तो वाचतो अन् वायर जळती. जेवढ्याचा हाय तेवढ्याचाच बसवायचा."

नवा फ्यूज बसला. मला पुन्हा दाबले. तपासणीचा दिवा लागला आणि तो लागला तो माझ्यामुळे. मग बिभीषणने दिवे बंपरवर कसले, वायरी नीट जोडून वर आवरण चढवले, दिव्यांची दुसरी वायर गाडीच्या लोखंडाला रंग खरवडून घट्ट बांधली. शेवटी त्याने दिव्यांची तोंडे वर केली. "लांबपर्यंत दिसलं पाहिजे," तो म्हणाला. धनश्रीलाही ते पटले. मला तर फारच पटले. संध्याकाळी मला लावल्यावर समोरच्या टेकाडावरची बाभळ न् बाभळ मोजता येत होती. मी फुगून गेलो.

दिवाळी होऊन गेली होती. एक दिवस अंधार पडता पडता रतनबाईचा फोन आला. रतनबाई म्हणजे रामेश्वरची चुलती. मागच्या वर्षीच्या नुकसानीनंतर दोघांनी उरलेली मेंढरे एकत्र केली होती. आता त्यांच्याकडे एवढा एकच कळप होता.

"धनू, मेंढरं ज्वारीच्या फुटव्यात घुसली. किराळ लागली माय. दोन पडलीत, बाकीची धापा टाकायलीत."

ज्वारी कापल्यावर बुडख्यांना जे कोवळे कोंब फुटतात त्यांत विष असते. ते खाऊन जनावराला विषबाधा होते, तिला इकडे किराळ लागणे म्हणतात. वेळेत शिरेत इंजेक्शन गेले तर जनावर उठते, नाहीतर डोळ्यांदेखत जाते.

"वाडा कुठं हाय मावशी?"

"सत्यशीलाबाईच्या रानात. वढ्याच्या पलीकडं."

गहिनीनाथ ओसरीवर बसले होते. काठी टेकत उठले आणि गाडीत येऊन बसले.

डांबरी रस्ता सुटला आणि धनश्रीने मला दाबले. तो ओढा, ते दगड, ती कडेची चारी, सगळे लख्ख दिसू लागले. मागच्या वर्षी जिने फसवले होते तसलीच एक वाट डावीकडे लागली आणि तिने ती लांबूनच ओळखून सोडली. मी जीव तोडून वीज सोडत होतो. पळस मागे पडला, गाडी वळली आणि माझा सगळा उजेड थेट वाड्यावर पडला.

तिथेच घोळ झाला. पांढऱ्या झोतात मेंढरे बिथरली. आजारी, धापा टाकणारी जनावरे एकमेकांवर चढून वाघरीला धडका देऊ लागली. अशा जनावराने धावपळ केली की विष त्याला लवकर गाठते. रतनबाई दोन्ही हात पसरून गाडीसमोर आडवी आली.

"दिवा घालव! धनू, आधी दिवा घालव!"

धनश्रीने मला तात्काळ बंद केले. इतकी वर्षे चालू होण्यासाठी तळमळलो आणि माझ्या पहिल्याच खऱ्या कामात मला बंद करावे लागले. मला वाईट वाटले, पण वाघरीवरचा दाब कमी झालेला मी पाहिला. मेंढरे थांबली.

आता इंजेक्शन कसे द्यायचे? लोकर बाजूला सारून मानेची शीर शोधावी लागते, हातबॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात ती दिसेना. धनश्री धावत गाडीत आली, गाडी वळवली आणि तिचे तोंड रानाच्या कडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीकडे केले. मला दाबले. झोत गंजीवर पडला आणि त्या पिवळट कडब्यावरून मऊ उजेड मागे फिरून वाड्यावर पसरला. चुलीच्या उजेडासारखा. एकही मेंढरू बुजले नाही.

रामेश्वर एकेक मेंढी धरी, गहिनीनाथ खाली बसून तिची मान मांडीवर घेत आणि धनश्री सुई टोची. मी जळत राहिलो. वायर कोमट झाली, पण जेवढ्यास तेवढा फ्यूज टिकला. आधी पडलेल्या दोन मेंढ्या गेल्या. बाकीची मेंढरे हळूहळू उठली आणि रवंथ करू लागली. रतनबाई एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत गेली आणि मग तिने धनश्रीच्या पाठीवरूनही तसाच हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी धनश्रीने पाना घेऊन दिव्यांची तोंडे स्वतः खाली केली. त्यानंतर वाड्याच्या अलीकडेच ती मला बंद करते. रस्त्यावर समोरून उसाची बैलगाडी किंवा मोटारसायकल आली तरी बंद करते. मला त्याचा आता राग येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीला असे दिवे असतील तर एवढेच करा. योग्य तो फ्यूज बसवा, दिव्यांच्या काचा पुसा, आणि समोर कोणाचे डोळे आहेत हे पाहून मगच आम्हांला लावा. आणि एखादा माझ्यासारखा दाबूनही गप्प बसणारा दिसला, तर त्याला शोभेचा म्हणू नका. आधी त्याची वायर शोधा.

परवा जेवणे चालली असताना पुन्हा फोन वाजला. बाहेर अंधार पडला होता. धनश्रीने हात धुतले आणि वडिलांकडे पाहिले. गहिनीनाथांनी खुंटीवरची चावी काढून तिच्या हातात दिली.

"जा," ते म्हणाले. "पर काचा पुसून जा."