रेनानची पपई

सातुर्निनाने मिक्सरचं भांडं तिसऱ्यांदा विसळलं आणि त्यात पपईच्या फोडी टाकल्या. नळाचं पाणी बर्फासारखं, बोटं लालबुंद झाली होती. पण आज तिला थंडीबिंडी काही जाणवत नव्हती. सकाळपासून छातीत कुणी ढोल बडवत होतं.

"मावशी, लग्न आहे का कुणाचं?" भोपळ्याची सालं गोळा करता करता बासिलियाने विचारलं.

"तुझ्या पोराचंच समज."

पोतोसी या उंच डोंगरावरच्या खाणींच्या गावातल्या या शाळेत मुलांच्या आयांनी पाळीपाळीने स्वयंपाकीण सातुर्निनाच्या हाताखाली राबायचं असतं. आज बासिलियाची पाळी. तिचा रेनान नऊ वर्षांचा. चालत नाही, बोलत नाही, घास चावता येत नाही.

अशा दहा मुलांचा खाऊ इथे वर्षानुवर्षं एकाच भांड्यात फिरायचा. किन्व्याचे शिजवलेले दाणे, भोपळा, फळ, सगळं एकदम घर्रर्र! निघायचं ते खाणीतून वाहत येणाऱ्या पाण्याच्या रंगाचं. बाहेर फळ्यावर मात्र सुंदर अक्षरात 'पौष्टिक खाऊ'. पौष्टिक होताच, खोटं कशाला बोला? पण तो चाखून बघायची हिंमत एकाही शिक्षकाला झाली नव्हती. सातुर्निनाने परवा चाखला आणि ग्लास तसाच नेऊन मुख्याध्यापिकेच्या टेबलावर आदळला.

"आधी तुम्ही प्या, झुल्माबाई. मग पोरांना पाजा."

झुल्माबाई प्यायल्या नाहीत. पोटात गेल्यावर सगळं एकच होतं, म्हणाल्या. बरीच वादावादी झाल्यावर त्यांनी एका मुलापुरता, एका दिवसाचा प्रयोग मान्य केला: प्रत्येक पदार्थ वेगळा वाटायचा, वेगळ्या वाटीतून भरवायचा. रेनानने सगळं निमूट खाल्लं तर बघू. नाही खाल्लं तर पुन्हा एकच भांडं, आणि हा विषय कायमचा बंद.

रेनानला खुर्चीत ताठ बसवलं. बासिलियाने मान सावरून धरली. झुल्माबाई शालीत हात खुपसून समोर उभ्या.

पहिला चमचा भोपळ्याचा. रेनानने गिळला आणि डोळे मोठे केले. दुसरा किन्व्याचा. तोही गेला, वर जीभ ओठांवरून फिरली. सातुर्निनाला नाचावंसं वाटलं.

तिसरा पपईचा. रेनानने ओठ गच्च मिटले.

"माझ्या राजा, घे ना," बासिलिया म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

"बघितलंत?" झुल्माबाई म्हणाल्या.

सातुर्निनाने भोपळा पुढे केला, तोंड उघडलं. पपई नेली, मिटलं. पपई चमचाभर भोपळ्याखाली दडवली असती, तर पोराने गुपचूप गिळली असती आणि ती जिंकली असती. चमचा भोपळ्याच्या वाटीपर्यंत गेलाही. तिथेच थांबला.

"नाही खाल्लं त्याने," झुल्माबाई शाल सावरत वळल्या.

"अहो, नको म्हणतोय तो!" सातुर्निना ओरडली. "कळतंय का बाई? नऊ वर्षांत ह्याला कुणी विचारलंच नव्हतं! आज पहिल्यांदा नको म्हणतोय!"

झुल्माबाई थांबल्या. परत आल्या, चमचा हातात घेतला. किन्वा दिला, गेला. पपई ओठांना लावली मात्र, रेनानने अशी फुर्रकन उडवली की त्यांच्या शालीवर नारिंगी नक्षी उमटली. आणि तो हसला. खदखदून, सगळं अंग हलवून.

झुल्माबाईंनी शाल पुसली नाही.

"बाकीच्या नऊ जणांच्या वाट्या कुठायत?" त्यांनी विचारलं.

सातुर्निना धावलीच. भांडं विसळताना अर्धं पाणी तिच्या पायांवर सांडलं, तरी ती हसतच होती.

"मावशी," मागून बासिलियाचा आवाज आला. "खालच्या गरम मुलखातून ट्रक आला की मी एक पपई घेते. महाग असते. सगळी ह्याच्या लापशीत कालवते. मला फार आवडते ना, म्हणून वाटलं, ह्यालाही..."

सातुर्निनाने वळून पाहिलं. बासिलियाने पपईची वाटी स्वतःकडे ओढली होती. ती उभ्याउभ्याच खात होती, भराभर, लहान मुलीसारखी, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर.

रेनान तिच्याकडे टक लावून बघत होता.

"गोड आहे रे," ती त्याला म्हणाली, आणि बोटाने वाटी निपटू लागली.