घोडेवालीच्या पिच्चरची तपासणी

कुंभार पिंपळगावच्या पोलीस पाटलाची बायको द्वारकाबाई हिनं तोवर जे काही सिनेमे पाहिले होते, ते सगळे देवादिकांचे. पंच्याऐंशी साली गावानं तिला एक सिनेमा तपासायला बसवलं, आणि तो निघाला इंग्रजी, घोड्याबंदुकांचा आणि वर बदनाम.

कापसाची वेचणी उरकली की अंबडच्या चांदपाशाचा तंबू गावात यायचा. बाजारतळामागच्या पडीक रानात खुंट ठोकले जायचे, डिझेलचं इंजिन धडधडायला लागायचं, मध्ये कनात लावून एका अंगाला बाया आणि एका अंगाला माणसं बसायची. इंग्रजी पिक्चर असला की चांदपाशा स्वतः पडद्याशेजारी माइक घेऊन उभा राहायचा आणि गोष्ट सांगायचा, निम्मी मराठीत, निम्मी दखनीत. पडद्यावरचे गोरे लोक काय बोलतात हे त्यालाही कळत नसे, पण लोकांना त्याची काही अडचण नव्हती.

त्या साली जीपवर भोंगा लावून तो गावभर फिरला. "ज्या पिक्चरला अमेरिकेतल्या पाद्र्यांनी शाप दिले, जो पिक्चर वर्षानुवर्षं डब्यात कोंडून ठेवला, ज्याच्यावर तिकडंबी कैची चालली अन् मुंबईतबी चालली, तोच पिक्चर बिलकुल आपल्या गावात. मायबहिणींना बसायची अलग सोय."

गिऱ्हाईक ओढण्यासाठी केलेली ही जाहिरात त्याच्याच अंगाशी आली. त्यात बाजारतळावर लागलेलं पोस्टर. गवताच्या गंजीला टेकून बसलेली एक बाई, मांडीवर बंदूक, आणि झंपर एका खांद्यावरून घसरलेला. लोक नावं ठेवतील म्हणून चांदपाशानं अंबडच्या पेंटरकडून त्या खांद्यावर निळा रंग मारून घेतला होता. पण निळा असा भडक की माणसाची नजर आधी तिथंच जायची. नुसता खांदा असता तर कुणी दोनदा पाहिलं नसतं. आता जो तो जवळ जाऊन रंगाखाली काय आहे ते न्याहाळू लागला.

माजी सरपंच तातेराव यांनी ते पोस्टर काढून गुंडाळून घरी नेलं आणि द्वारकाबाईच्या नवऱ्याला, धर्मराज पाटलांना, निरोप धाडला की हा खेळ बंद करा, नाहीतर गावच्या लेकीसुना बिघडतील.

धर्मराज पाटील मऊ स्वभावाचे. भांडण लागलं की त्यांची भूक जायची. त्या दिवशीही ते भाकरी तशीच ठेवून बसले.

"पिच्चर बघितला का तुम्ही?" द्वारकाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मंग तात्यांनी बघितला असंल."

"त्यांनीबी न्हाई. पोस्टर बघितलं."

"पोस्टर तर त्यांनी घरी नेलंय. अजून बघूनच राह्यले असतील," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलथली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक बसली. चांदपाशा टोपी हातात घेऊन उभा होता. तोडगा असा निघाला की चार जाणत्यांनी आधी पिक्चर पाहावा, मगच परवानगी द्यायची. हे ठरल्याबरोबर गावात एकाएकी जाणते फार झाले. ज्यांना गुडघेदुखीमुळं देवळात येववत नव्हतं, तेही गावासाठी एवढा त्रास सोसायला तयार झाले. पाराच्या कडेला बाया पाण्याचे हंडे घेऊन थांबल्या होत्या. त्यांत द्वारकाबाई होती. ती डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "बिघडायच्या लेकीसुना, अन् बघणार तुम्ही. आमच्यासाठी बंद करून राह्यले तर आम्हालाच बघू द्या की."

माणसं हसली, पण बोलणं बराबर होतं. तातेरावांनीही विचार केला असावा, की बाईमाणूस असलं काही बघून लाजेनं चूर होईल आणि आपलं काम आपसूक होईल. ते म्हणाले, "ठीक. बाया सांगतील ते मान्य. पाटलीणबाई जातील, अन् मुसलमान गल्लीतून एक जण."

गाद्या भरणारा मुबारक मागं उभा होता. तो म्हणाला, "आमची घरवाली येईल, रहिमुन्निसा."

द्वारकाबाईनं हंडा उचलला आणि घराची वाट धरली.

ती आणि रहिमुन्निसा एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या होत्या. दोघी नव्या, दोघींना सासर परकं, म्हणून एकमेकींना धरून राहिल्या. बाळंतपणं एकमेकींची केली. आणि मग एका उन्हाळ्यात रहिमुन्निसाच्या शेळीनं द्वारकाबाईच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या. शेळीवरून शब्द निघाला, तो शेळीवर थांबला नाही. त्या दिवाळीला रहिमुन्निसा आली नाही, म्हणून ईदला द्वारकाबाई गेली नाही. आधी कोण येतं याची वाट बघत दोघींनी काही वर्षं काढली. वाटेत समोरासमोर आल्या तर एकीला एकाएकी चपलेतला खडा काढायचा असे.

अशा दोघी दिवेलागणीला त्या रिकाम्या तंबूत जाऊन बसल्या. मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा सोडून. संपत ऑपरेटरनं मशीन सुरू केलं. चांदपाशानं माइक बाजूला ठेवून तोंडीच सांगायला घेतलं; ऐकायला दोघीच तर होत्या.

पिक्चर काळापांढरा. पण त्यातलं रान असं काही परकं नव्हतं. धूळ तीच, बाभळीसारखी काटेरी झाडं, पाणी आटलेली नदी. त्यातल्या बाईचं नाव मार्था. नवरा घोड्यांचा व्यापारी, हातात कायम चाबूक. तो घोड्यांना मारी आणि बाईलाही मारी. एकदा जखमी परदेशी माणूस दारात येऊन पडतो, मार्था त्याला तबेल्यात लपवते, पाणी पाजते. पोस्टरवरचा खांदा येऊन कधी गेला ते दोघींना कळलंही नाही. त्या वेळी दोघींचं लक्ष परदेश्याच्या जखमेवर ती कसलं पान वाटून लावते आहे, तिकडं होतं.

मग मार्था कंदील घेऊन तबेल्यात शिरते. मागून नवरा येतो, चाबूक उगारून. पडदा थरथरला, एक पांढरी रेघ गेली, आणि एकदम लख्ख दिवस. मार्था काळ्या घोडीवर बसलेली, ओठ फुटलेला. नवरा जमिनीवर गुडघा धरून विव्हळतोय.

"थांबव," द्वारकाबाई म्हणाली. "मधलं कुठं गेलं?"

"कापलं, पाटलीणबाई."

"कुणी?"

"काही तिकडंच कापलं, काही मुंबईला. राहिलेलं डबे भाड्यानं देणाऱ्या मधल्या लोकांनी. माझ्या हाती आलं ते असंच आलं."

"मंग तू लोकांना काय सांगतो?"

"सांगतो की नवरा पाय घसरून पडला."

कनातीच्या बाजूनं आवाज आला. "पाय कायको घसरेल? घोडीनं लात मारली त्याला. आधी त्यानं घोडीला चाबूक मारला न्हवता का? जनावर याद ठेवतं."

रहिमुन्निसा हे चांदपाशाला म्हणाली होती. पण उत्तर दिलं द्वारकाबाईनं. "घोडी कशाला मारंल? हिनंच हाणलं. ओठ फुटलाय तिचा, दिसला न्हाई का? झटापट झाली तवाच फुटला."

"तिनं न्हाई मारलं. ती तशी बाई न्हाई."

"तशी म्हंजे कशी? एवढं सोसल्यावर कोणतीबी हाणंल."

"तू हाणशील. मी न्हाई हाणणार."

"म्हणून तर ती हाणंल असं मी म्हणून राह्यले."

चांदपाशा एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होता. द्वारकाबाईनं संपतला तो तुकडा परत लावायला सांगितला. परत लावला. पुन्हा परत. घोडीचा मागचा पाय बघायचा म्हणून रहिमुन्निसा पुढं सरकली, बाईचा हात बघायचा म्हणून द्वारकाबाई सरकली, आणि कितव्यांदा तरी तो तुकडा संपला तेव्हा दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघींपैकी कुणी मागं सरकलं नाही.

शेवटाकडं मार्था घोडीवर बसून नदी ओलांडते आणि माळावर दिसेनाशी होते. परदेशी माणूस तिच्यासोबत नसतो. तो आधीच आपल्या वाटेनं गेलेला. द्वारकाबाई उठायला लागली, तर पडद्यावर देऊळ आलं, म्हणजे त्यांचं चर्च. मार्था पाद्र्यापुढं गुडघे टेकून रडते आहे. कुबडी घेतलेला नवरा येतो, तिला उठवतो, घरी नेतो.

"हे काय मधीच?" द्वारकाबाई.

रहिमुन्निसा पडद्याकडं बोट करून म्हणाली, "तिचे केस बघ. नदीत जाताना वेणी कमरेपर्यंत होती. इथं मानेवर आलेत."

चांदपाशा हसला. "बराबर पकडलं, भाबी. हे मागून जोडलंय. ज्याच्याकडून डबे आणतो, त्यानं मला सांगितलं. बाई नवरा सोडून जाते अन् तिला सजा होत न्हाई, हे तिकडच्या लोकांना खपलं न्हाई. खांद्याचं तर नुसतं निमित्त. हे जोडलं तवा परवानगी भेटली म्हणतात."

द्वारकाबाई पुन्हा खाली बसली. मग रहिमुन्निसा म्हणाली, "जबरदस्ती रडून राह्यली बिचारी. डोळ्यांत पाणीच न्हाई."

घरी जाताना वाट एकच होती. त्या रात्री धर्मराज पाटलांनी ओट्यावरून ऐकलं, की दोन बायका भांडत गल्लीतून येताहेत, आणि भांडण घोडीचं आहे. बायकोचा आणि रहिमुन्निसाचा आवाज ओळखल्यावर त्यांनी जेवायला घेतलं.

सकाळी पारावर अख्खं गाव जमलं. तातेरावांनी घसा साफ करून विचारलं, "तर मंग. घाण आहे का न्हाई?"

"खांदा दिसतो," द्वारकाबाई म्हणाली. "कापूस वेचताना आमचाबी दिसतो. तवा तुम्ही बांधावरच उभे असता."

कुणी हसलं नाही, म्हणजे मोठ्यानं कुणी हसलं नाही.

"पण कापायला लागंल," तिनं पुढं सांगितलं.

तातेरावांचा चेहरा उजळला. "मी तेच म्हणून राह्यलो. कापा. बाया सांगतील ते कापा, सगळ्यांदेखत बोलतो."

"शेवटचं रडगाणं कापायचं. बाई नदीपार गेली की पिच्चर संपला. त्यापुढं दाखवायचं न्हाई."

तातेरावांना शेवटचं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि विचारायची आता सोय राहिली नव्हती. त्यांनी मान डोलावली. अडचण चांदपाशाची झाली. डबे भाड्याचे, फिल्म कापली तर मालक जीव घेईल. शेवटी संपतनं उपाय काढला. मार्था माळावर दिसेनाशी झाली की तो भिंगापुढं पुठ्ठा धरायचा आणि तंबूतले दिवे लावायचा. देवळातलं सगळं पुठ्ठ्यावरच उजेड पाडून संपायचं.

दुसरी अडचण कापलेल्या मधल्या भागाची. चांदपाशानं दोघींना विचारलं, की आता माइकवर काय सांगू. दोघींचं एकमत होईना. मग तो एका खेळाला घोडीनं लाथ मारल्याचं सांगू लागला आणि दुसऱ्याला बाईनं हाणल्याचं. लोक दोन्ही ऐकायला दोनदा यायला लागले. गावात घोडीवाले आणि बाईवाले असे दोन पक्ष पडले. चक्कीवर, पाणवठ्यावर तीच गोष्ट. तातेरावांची बायको झुंबरबाई, जी कुणाच्या अध्यातमध्यात नसायची, ती बायांच्या बाजूला येऊन अगदी पुढं बसली, आणि निघताना द्वारकाबाईच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मी तुझ्या बाजूनं." पदर तोंडाला लावून ती घाईघाईनं निघून गेली. तातेराव मात्र घोडीवाले होते. पिक्चर आपण पाहिलेला नाही असं ते सांगत, पण वाद घालताना घोडीचा डावा पाय म्हणत, आणि तो बराबर डावाच होता.

रहिमुन्निसा आता दुपारची भांडी उरकली की द्वारकाबाईच्या ओट्यावर यायची. आधी घोडीबद्दल बोलायची, मग इतर. मधल्या वर्षांत राहून गेलेलं पुष्कळ होतं. रहिमुन्निसाच्या सासऱ्याचं मरण, द्वारकाबाईच्या थोरल्याचं लग्न, रहिमुन्निसाची लेक शकीला हिचं पहिलं बाळ. ते सगळं दोघींनी एकमेकींना अगदी सुरुवातीपासून सांगितलं.

तंबू पुढं वडीगोद्रीला गेला. शकीला तिथंच दिलेली. नातू बघायचं निमित्त करून रहिमुन्निसा निघाली आणि द्वारकाबाईलाही घेऊन गेली. संध्याकाळी दोघी बायांच्या कनातीत जाऊन बसल्या. चांदपाशानं त्यांना पाहिलं आणि माइकवर थोडा अडखळला. त्या दिवशी त्यानं सांगितलं, की आत काय झालं ते त्या बाईला आणि घोडीलाच ठाऊक.

तिथं कुणी शेवट कापायला सांगितलं नव्हतं. मार्था नदीपार गेली, आणि देऊळ यायच्या आत रहिमुन्निसानं द्वारकाबाईचा हात धरून तिला उठवलं. दोघी बायांच्या पायांतून वाट काढत बाहेर आल्या. सडकेवर ट्रक जात होते. हॉटेलवाल्यानं बाकडं रिकामं करून दिलं, दोघींनी चहा सांगितला.

"कुठं गेली असंल गं ती?" रहिमुन्निसा म्हणाली.

"माहेरी."

"माहेरी ठेवून घेतलं असंल का?"

द्वारकाबाईनं चहा बशीत ओतला. विचार केला. "घोडी होती की सोबत. नसतं ठेवून घेतलं तर पुढं गेली असंल."

"अकेली?"

"तू असतीस तर तुला बसवलं असतं मागं."

"मला घोडीची भीती वाटते," रहिमुन्निसा म्हणाली, आणि मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. हॉटेलवाला बघत राहिला. शकीला लेकराला कडेवर घेऊन आईला शोधत सडकेपर्यंत आली, तरी त्या हसतच होत्या.