पाणी बडवणारा

होडीत पाय टाकताना नरेंद्रचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिशात गाव सोडून गेलेल्या बालमित्राचं, लडकूचं पत्र होतं. मागच्या भातकापणीत पोर्ट ब्लेअरहून टोकावड्याला आलेलं, आणि अजून उत्तर न गेलेलं. 'बांधाच्या भांडणात ज्यांनी माझं डोकं फोडलं ते सगळे मेले म्हणे. मला ओळखणारं गावात कोण उरलंय का? उरलं असंल तर परत येतो.' एवढंच होतं त्यात.

नरेंद्रने उत्तरं लिहिली आणि फाडली. सगळा जन्म शहापूरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेला. पण गावाच्या वतीने कोणाला 'ये' म्हणणारे आपण कोण, इथेच दर वेळी पेन अडायचं. मग त्याच्या मुलीला, पल्लवीला, कचेरीतून प्रवासाची सवलत मिळाली, तिने अंदमानची तिकिटं काढली, आणि उत्तराऐवजी तो स्वतःच आला. आज पल्लवी मुलांना जेल दाखवायला गेली होती. लडकू त्याला खाडीत घेऊन निघाला होता.

"नीट बस, नऱ्या. वाचनालय नाय हे."

बंदर मागे पडलं. धक्क्याला लागलेली जहाजं, उतारावरची रंगीत पत्र्यांची घरं दिसेनाशी झाली. खाडी वळली आणि दोन्ही बाजूंनी खारफुटी चालून आली. चिखलातून वर आलेली मुळं, त्यांत अडकलेला कुजका वास. काठावरच्या पाटीवर मगरीचं चित्र होतं.

"खरंच असतात?"

"गेल्या साली हितंच एकाचा कुत्रा नेला. गप ऱ्हायचं, पाणी हलवायचं नाय. हितल्या पाण्याला कान हायेत."

लडकूने इंजिन बंद केलं आणि जाळं फेकलं. हात तेच होते. गावच्या काळू नदीच्या डोहात हेच हात गळाभर पाण्यात जाळं धरून उभे राहायचे, आणि नरेंद्र काठीने पाणी बडवत मासे त्या बाजूला हाकायचा. जाळं धरायची त्याला भीती वाटे. शिंगाळा माशाचा काटा तळहात फाडतो; एकदा तर जाळ्यात विरोळा साप आला होता. लडकू त्याला 'काठावरचा वीर' म्हणायचा.

"आजून बडवतात का रे काळूत?"

"पोरं आता स्फोट करतात. पिल्लंसुद्धा पांढरी होऊन वर येतात."

लडकूने जाळ्याची दोरी हाताला गुंडाळली.

"पत्र मिळालं माझं?"

"मिळालं."

"मग?"

नरेंद्र आपल्या नखांकडे बघत राहिला. लडकू पाण्यात थुंकला आणि जाळं ओढू लागला. जाळं खारफुटीच्या मुळांत अडकलं होतं. शिवी हासडून तो गुडघाभर पाण्यात उतरला.

तेवढ्यात होडीच्या दुसऱ्या बाजूला पाणी चमकलं. माशांची झुंडच्या झुंड खुल्या खाडीकडे निसटत होती. नरेंद्रने विचार केला नाही. वल्हं उचललं आणि पाण्यावर हाणलं. फाट. पुन्हा फाट.

लडकूने वळून पाहिलं. आधी तो हसला, अगदी तोंडभर. मग त्याचा चेहरा बदलला.

"नको रे..."

पाणी फुटलं. लडकूचा उजवा हात कोपरापर्यंत त्या जबड्यात होता. मगरीने अंगाला पीळ दिला तसं हाड मोडल्याचं होडीत ऐकू आलं. लडकूने डाव्या हाताने मुळाला मिठी मारली आणि जनावरासारखा ओरडला. नरेंद्र पाण्यात कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. तो वल्ह्याने त्या खडबडीत डोक्यावर घाव घालत होता. वल्हं मोडलं. मोडक्या टोकाने त्याने डोळा शोधला आणि सगळं अंग टाकून ते आत खुपसलं. शेपटीचा तडाखा होडीला बसला, फळी फुटली. तो खुपसतच राहिला, शिव्या देत, ज्या त्याने आयुष्यात कधी उच्चारल्या नव्हत्या.

मगर गेली. हात घेऊन गेली.

नरेंद्रने सदरा काढून लडकूच्या दंडाला आवळला. पत्र चिखलात पडलं, रक्तात भिजलं. दुसऱ्या होडीतले लोक हाका ऐकून आले, तोवर लडकूचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

इस्पितळात लडकूच्या बायकोने, राहीने, त्याला दारातच अडवलं.

"तुमी कशाला आलात वो, भावजी? इतकी वर्सं या पाण्यात राबला हा, कधी मगरीनं शिवलं नाय. तुमी आलात नि पाणी बडवलंत!"

नरेंद्र मान खाली घालून उभा राहिला. आतून लडकूचा आवाज आला, कोरडा.

"ये रे, आत ये. राही, त्याला बोलू नको. पाण्यावर पयलं वल्हं हाणलंस तवाच मी वर चढायला पायजे होतं. मला काळू दिसली. हसत उभा ऱ्हायलो येड्यासारका."

तो बँडेजकडे पाहत राहिला.

"आता गावाचं नाव नको. एका हाताच्या माणसाला जाळं कोण धरायला देल?"



टोकावड्याला परतल्यावर त्याने शेजारच्या गोमाकडून जाळं मागून घेतलं आणि गोमालाही काळूच्या डोहावर घेऊन गेला.

"तुमी काठी घ्या, सर," गोमा म्हणाला. "या वयात बुडाल, पल्लवीताई मला जित्ता ठेवायची नाय."

"बडव तू."

नरेंद्र छातीभर पाण्यात उतरला. गोमाची काठी पडू लागली. जाळ्याला हिसका बसला, तसा त्याचा सगळा जीव बोटांत आला. काट्याने तळहात चिरला, पाण्यात लाल रेघ उमटली. त्याने जाळं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, हाताला चिंधी बांधून, त्याने पोस्टकार्ड लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. तरी फाडलं नाही.

'लडक्या, जाळं आता मी धरतो. पाणी बडवायला एक हात पुरतो. वहिनींना घेऊन ये.'

स्टँडसमोरच्या लाल पेटीच्या तोंडात त्याने कार्ड सरकवलं. ते आत पडल्याचा आवाज आला, तरी चिंधी बांधलेला हात क्षणभर तिथेच राहिला.