नळ, मोटर आणि मी

मी एक जुनी काळी टाकी आहे. चिखलीतल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवर माझं बिऱ्हाड आहे. मित्रांनो, तुमच्या गणिताच्या पुस्तकात दुसरं काही असो नसो, टाकी हमखास असते. दोन नळ तिला भरतात, तिसरा रिकामी करतो आणि घाम तुम्हाला फुटतो! त्यामुळे मला थोडा ताठा आहे, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात गरगर फिरून माझा जन्म झाला. दोरखंडाने मला वर चढवलं, तेव्हा सगळी इमारत गच्चीवर जमली होती. नळाला पाणी येऊ लागल्यावर मात्र माझ्याकडे कोण बघतो! माझ्या सावलीत रोज अभ्यासाला यायची ती एकटी स्वरूपा.

ही तळमजल्यावरच्या बबनरावांची मुलगी, पोलीस भरतीची तयारी करणारी. मैदानावर ती वाऱ्यासारखी पळायची, पण मागच्या वर्षी लेखी परीक्षेत काळ-काम आणि नळ-टाकीच्या गणितांनी तिला आडवं केलं होतं. बबनराव चाकणला कंपनीत कामाला, माणूस मूळचा बीडकडचा आणि रोखठोक.

"पोरी, ही शेवटची खेप. ह्या बारीला नाई झालं, तर पॅकिंगला यायचं माज्यासंगं."

स्वरूपा मान हलवायची. नंतर गच्चीवर येऊन डोळे पुसायची, ते मी पाहिलं आहे.

आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. एका उन्हाळ्यात मला धुऊन रिकामं केलं होतं. एकटा नळ मला सहा तासांत भरायचा, बोअरची मोटर तीन तासांत. स्वरूपाची आई कौशल्याबाई म्हणाल्या, "दोन्ही सोड, आन् ध्यान ठेव."

स्वरूपाने झटकन हिशेब केला. सहा आणि तीन नऊ, त्याचे निम्मे साडेचार. साडेचार तास निश्चिंत! ती खाली सराव परीक्षा सोडवायला गेली. अगं शहाणे, मोटर एकटी तीन तासांत भरते, मग नळ मदतीला आल्यावर उशीर कसा होईल? पण मला बोलता येत नाही, वाहता येतं. दोन तासांनी मी वाहिले आणि वरच्या मजल्यावरच्या अनुयाकाकूंनी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया पोहू लागल्या.

"स्वरूपे, मोटर बंद कर! वर्षाचं वाळवण गेलं माझं!"

"पण काकू, साडेचार तास लागायला हवे होते..."

"ते टाकीला जाऊन सांग!"

सांगायला नाही, पण विचारायला ती खरंच आली. पुढच्या पाण्याच्या दिवसांत काठी घेऊन, झाकण उघडून ती तासातासाला पाणी मापू लागली. एकटा नळ तासात सहावा हिस्सा भरतो, मोटर तिसरा, दोघं मिळून अर्धी टाकी.

"म्हणजे तास मिळवायचेच नाहीत! एका तासाचं काम मिळवायचं!" ती एवढ्यांदा ओरडली की कठड्यावरची कबुतरं उडाली.

पुढे माझ्या बुडाशी बारीक चीर पडली आणि दोन तासांत मी भरेनाशी झाले. स्वरूपाने गळतीचं काम वजा करून तोही हिशेब बसवला. लेखी परीक्षेत नेमकी गळकी टाकीच आली! त्या दिवशी ती घरात न जाता थेट गच्चीवर आली आणि मला थोपटून म्हणाली, "जमलं गं!" पुढे निकाल लागला आणि तिची निवड झाली. बबनरावांनी अख्ख्या इमारतीत पेढे वाटले.

त्याच आठवड्यात अनुयाकाकू म्हणाल्या, "ही गळकी टाकी आता भंगारात देऊ या." माझा सगळा ताठा उतरला. पण प्रशिक्षणाला निघण्याआधी स्वरूपा माझ्या आत उतरली, तिने चीर घासून पुसून कोरडी केली आणि सील लावलं.

"काकू, गळती बंद करायची असते. टाकी कशाला टाकायची?"

मित्रांनो, तुमच्याही डोक्यावर अशी एखादी टाकी असेल. कधीतरी वर जाऊन तिचं झाकण उघडून बघा, चीर दिसली तर वेळीच बुजवा. काम करणाऱ्याला एवढी विचारपूस पुरते.

आज पाण्याचा दिवस आहे. नळ आलाय, मोटर लागलीय. स्वरूपा इथे नाही, तिची आठवण येते. पण कौशल्याबाई बरोबर दोन तासांनी खालूनच मोटरचं बटण आणि नळ बंद करतात आणि गच्चीवर कुरडया खडखडीत वाळतात.