खंडेनवमीची हळद

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटमापक आहे. नावाला घाबरू नका. जंतूंवर लेझरचा प्रकाश टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशाची रेघ काढायची, एवढेच माझे काम. कोणते औषध जंतूंना लागू पडते, ते रेघेवरून कळते. एका कॉलेजने मला मोडीत काढले होते. नाशिकच्या प्रयोगशाळेतल्या उज्वलाताईंनी मला मागून आणले आणि माझी प्रत्येक काच पुसून घेतली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

खंडेनवमीला त्यांनी मला हळदकुंकू वाहिले. मी अगदी फुगून गेलो. तेवढ्यात हिरामणच्या जखमेतले जंतू तपासायला आले. पेठचा हा शेतकरी भात कापताना पायाला विळा लागून तापाने फणफणला होता. घरात उरलेल्या दोन-चार गोळ्या खाऊन त्याने दुखणे अंगावर काढले होते. आता औषध चुकले असते तर तो हाती लागला नसता.

त्याचे जंतू चार औषधांत ठेवून ताईंनी चार काचा मला दिल्या. चारही रेघा सारख्याच उसळल्या. मला काहीच वाचता येईना. मी लाजेने अर्धमेला झालो.

डॉक्टर शेखर म्हणाले, "यंत्र थकलंय. दुसऱ्या तपासणीसाठी दोन दिवस थांबू."

"पेशंट थांबेल का, सर?" ताईंनी आपली बोटे पाहिली. "यंत्र चांगलं आहे. माझ्या बोटांची हळद काचांना लागली. हळद या प्रकाशात फार चमकते. चूक माझी आहे."

त्यांनी हात धुतले, नव्या काचा भरल्या. या वेळी रेघा स्वच्छ आल्या. तीन औषधांना जंतू दाद देत नव्हते. चौथ्यापुढे मात्र ते हरले. तेच औषध लगेच सुरू झाले.

चौथ्या दिवशी हिरामणची बायको कमळाबाई आली. "ताई, त्याहीनं आज भात मागून खाल्ला," म्हणत तिने मला हात जोडले. मला भरून आले.

मग तिने विचारले, "आता बरं हाय, तं गोळ्या बंद करू ना?"

"नाही हो, कमळाबाई," ताई म्हणाल्या. "सगळ्या संपवायच्या."

मित्रांनो, तुम्हीही गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. अर्धवट औषधाने उरलेले जंतू त्याला दाद देईनासे होतात. हिरामणसाठी एक तरी औषध उरले होते. उद्या चारही औषधे हरलेली दिसली, तर ते सांगायला मला कोणाच्या कमळाबाईसमोर उभे करू नका.